मागे नुसतं पाणी

आबांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर प्रमिलाने आईला आपल्याकडे अमेरिकेला नेलं. तिथल्या एका करमणुकीच्या बागेत खोटा समुद्र होता, खोटे चाचे होते आणि आपोआप चालणारी नाव होती. नावेतले सगळे पुढे बघून किंचाळत होते. यशोदाबाई मात्र शेवटच्या बाकावर मागे तोंड करून बसल्या होत्या.

"आई, पुढे बघ ना! चाचे तोफा उडवताहेत. मागे नुसतं पाणी आहे."

"तू पोटात होती तव्हा तापीले असाच पूर होता. केळीच्या खांबांच्या तराफ्यावर बसून मी भुसावळच्या दवाखान्यात गेली."

"बाप रे! भ्या नाही वाटलं?"

"कशाचं? तराफा ढकलत तुहे आबा मागूनच पोहत येत होते."