नाही येत

"स्वतःची वेणी स्वतः घालते का?" दवाखान्यात तपासणीला बसलेल्या तृप्ती मॅडमनी फॉर्मवरून मान न उचलता विचारलं.

"नाही," उषाबाई म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कामिनीनं वेणी खांद्यावरून पुढे घेतली आणि आईकडे पाहिलं. लाखांदूरहून सुटणारी पहिली एस.टी. गाठायची म्हणून ती पहाटे उठली होती, आणि लाल रिबिनीसकट ती वेणी तिनं स्वतः घातली होती.

कामिनी एकोणीस वर्षांची. दिसायला चारचौघींसारखी. बोलायला लागली की समोरच्याला कळायचं, वय वाढलं तशी समज वाढलेली नाही. चौदाची असताना याच दवाखान्यात तिला पन्नास टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं होतं, पाच वर्षांपुरतं. त्यावर सरकारी निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू झाला. आता मुदत संपली होती. गावात लोकांचे कागद भरून देणाऱ्या पुंडलिकरावांनी काल बजावलं होतं, "टक्के चाळीसच्या खाली गेले का पगार बंद, उषाबाई. जे विचारतीन त्याले नाहीच म्हना."

या पाच वर्षांत उषाबाईनं लेकीला शिकवलं होतं. आधी वेणी. मग दहापर्यंत आकडे. मग भात मांडणं, दुकानातून तेल आणणं, एस.टी.ची पाटी ओळखणं. एकेका गोष्टीला वर्ष वर्ष गेलं. पुंडलिकरावांचं सांगणं मात्र तिला लेकीपाशी बोलवलं नाही. काय सांगणार होती, शिकवलं ते विसर म्हणून?

"स्वयंपाक करते?"

"नाही जमत."

"जमते ना!" कामिनी म्हणाली. "भात मांडते मी. वरन बी."

"दुकानात एकटी जाते?"

"नाही."

"आई, काहून खोटी बोलून राहिली तू?"

मॅडमचा पेन थांबला. बाहेरच्या बाकांवर अजून वीसएक जण ताटकळले होते. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, खरं सांगा. मी तिलाही विचारणारच आहे."

त्या आवाजात राग नव्हता. सकाळपासून तेच ते विचारून दमलेलं माणूस बोलावं तसं त्या बोलल्या.

उषाबाईनं मान खाली घातली. नखांच्या कडेला धानाच्या बांधीतला चिखल काळा होऊन बसला होता. "मी आहो तवरी ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. "माह्या मागं काय?"

"त्याचे टक्के नाही देता येत, ताई."

कामिनी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. आईचा असा आवाज तिनं आधी एकदाच ऐकला होता, बाबा गेले तेव्हा.

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "कामिनी, आज कोणता वार?"

कामिनीनं तोंड उघडलं. ओठांवर आलेला बुधवार उषाबाईला दिसला. मग ओठ मिटले.

"नाही येत."

"बरं, दहापर्यंत म्हण."

"नाही येत."

मॅडमनी लाल ठोकळा पुढे धरला. "हा रंग कोणता?"

कामिनीनं वेणी पाठीमागे टाकली. "नाही येत."

आईकडे बघून ती किंचित हसली. बरोबर उत्तर दिल्यावर घरी हसायची तशी. उषाबाईला वाटलं, उठावं, तिचा हात धरावा आणि म्हणावं, सांग ना माय, येते तुले, सगळं सांग. ती बसूनच राहिली.

"आईचं नाव तरी सांगशील?"

कामिनीनं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. ती जमिनीकडे बघत होती.

"नाही येत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग उषाबाईकडे. त्यांना काय कळलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. जुन्या सर्टिफिकेटवरचा आकडा त्यांनी एकदा वाचला, नव्या फॉर्मवर तोच लिहिला, सही केली आणि पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या एस.टी.त कामिनीला खिडकी मिळाली. एरवी वाटेतल्या गावांची नावं मोठ्यानं सांगणारी पोर आज गप्प होती. अड्याळ गेलं. पवनी गेलं. आईनं पुढं केलेला बिस्किटाचा पुडा तिनं फोडला नाही, नुसता मांडीवर धरून ठेवला.

पवनी मागं पडल्यावर तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, आता येते म्हनलं तर चालन का?"

उषाबाईनं आधी वळून पाहिलं, मागच्या सीटवर कोण बसलंय ते.

"हळू म्हन," ती म्हणाली.