आठ दिवसांची किल्ली

दुकान बंद करताना घड्याळवाल्या काकांनी भिंतीवरची जुनी घड्याळं विकली नाहीत. इमारतीतल्या सहा घरांना एकेक देऊन टाकलं, तेही फुकट. स्वतःसाठी ठेवली एक खाट, एक कप आणि त्या सहा घड्याळांच्या किल्ल्या.

"घड्याळ देतात आणि किल्ली देत नाहीत! म्हाताऱ्याचा जीव कशात अडकलाय, कोण जाणे," शेजारी हसायचे.

एकदा किल्ली दिली की घड्याळ आठ दिवस चालायचं. म्हणून दर रविवारी काका जुडगा घेऊन सहाही घरं फिरायचे.

या रविवारी गुडघा दाबत ते तिसऱ्या मजल्यावर पोचले, तर तिथली सून दारातच म्हणाली, "काका, तुमची दगदग संपली! मी बाजारातून सगळ्यांसाठी किल्ल्या आणल्या. आता हे जिने चढायला नकोत."

आत घड्याळ टिकटिकत होतं. किल्ली देऊन झाली होती.

"गुणाची गं पोर," म्हणत काकांनी जुडगा खिशात टाकला. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"आज माझा चहा टाकला असशील, तर तेवढा पिऊन जाऊ का?"