उंबऱ्यापुढची दहा पावलं

किल्ली हैबतच्या मुठीत होती आणि मूठ काही उघडत नव्हती.

“बर्फासाठी चाकांना साखळ्या कुठे चढवायच्या?”

“चढ लागायच्या आधी, सपाटीवर,” आझिन म्हणाली. “अडकल्यावर नाही.”

“उतारावर?”

“ब्रेकवर पाय नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आपली आपण उतरू द्यायची.”

“मागची चाकं घसरली तर?”

“जिकडे घसरतील तिकडेच स्टिअरिंग. बाबा, सात वर्षांची होते तेव्हापासून पाठ आहे हे मला.”

ते खरंच होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत ती बापाच्या ट्रकमध्ये मधल्या जागेवर बसायची. आपल्या फिरूजकूह गावाहून निघून गदूकचा घाट ओलांडला की पलीकडे संत्र्यांचा मुलूख. परतताना हैबत संत्र्याच्या साली हीटरवर ठेवायचा आणि केबिनभर तो वास दरवळायचा. काचेपलीकडे बर्फ, आत संत्री, आणि बापाचा संथ आवाज. “पांढऱ्या रस्त्याला भिऊ नकोस. काळा चमकायला लागला की भी.”

आता ट्रक विकून नऊ वर्षं झाली होती. घाटापलीकडच्या शाळेत आझिनला नोकरी लागली होती आणि आज संध्याकाळपर्यंत हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. बर्फात एकटीने घाट ओलांडायची तिची ही पहिलीच वेळ. दुपारनंतर घाट बंद होईल, असं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं.

आतून मनव्वरचा आवाज आला, “अहो ट्रकवाले, परीक्षा संपली का? का पोरीचे केस पिकेपर्यंत चालायची आहे?”

“राख टाकतोय,” हैबत म्हणाला. खरंच त्याच्या दुसऱ्या हातात तंदूरच्या राखेचा डबा होता. दारापुढच्या उतारावर तो मूठमूठ राख पसरत होता. गेली कित्येक वर्षं रोज पहाटे पसरायचा तशीच.

“टाका, टाका. मग पाय झटकून आत या. आणि आझिन, पुढच्या खेपेला येशील तेव्हा मीठ आण गं. संपत आलंय.”

“दोन माणसांचं घर,” हैबत पुटपुटला, “आणि महिन्याला मिठाची पिशवी. तुझी आई मीठ खाते की पेरते, कोण जाणे.”

आझिन हसली. बाप डबा खाली ठेवायला वळला तेव्हा त्याचा डावा पाय नेहमीसारखा मागे राहिला. त्या पायाची गोष्ट तिने दर हिवाळ्यात ऐकली होती. ती वर्षाची होती त्या साली घाटातल्या जुन्या सराईच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, वळणावर ट्रक आडवा झाला, पाय मोडला, आणि मनव्वरने विणलेली निळी टोपी दरीत गेली. बाप सांगत असताना आई मान खाली घालून विणत बसायची. शेवटी एवढंच म्हणायची, “माझ्या वाडग्याने पाय नाही वाचवला, पण माणूस परत आणला.”

वाडगा म्हणजे पाण्याचा. निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं की तो सुखरूप परत येतो. मनव्वरने एकही खेप चुकवली नव्हती.

“शेवटचा प्रश्न,” हैबत म्हणाला. “गाडीवाला सगळ्यात जास्त कुठे घसरतो?”

“बोगद्याच्या तोंडाशी. तिथे ऊन पोचत नाही.”

“नाही.”

“पुलावर?”

“नाही.”

“मग सराईच्या वळणावर. तुम्ही घसरलात तिथे.”

हैबतने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“इथे,” तो म्हणाला, आणि काठीने उंबऱ्यापुढचा उतार दाखवला. “पहिल्या दहा पावलांत. माणूस निघालेला असतो, पण जीव घरातच असतो.”

आझिनला कळेना.

“त्या सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि थर्मास राहिला म्हणून पळत माघारी आलो. तुझी आई पाणी ओतून, दार लावून तुला घेऊन बसली होती. तेवढ्यात ते पाणी गोठून त्याची काच झाली होती. इथेच घसरलो, पाय मोडला. ट्रकवर माझ्या जोडीला असलेल्या सत्तारने मला उचलून ट्रकमध्ये घातलं. घाटात अपघात झाला, असा निरोप मी दवाखान्यातून त्याच्याचकडून पाठवला. ट्रकला साधा ओरखडाही नव्हता, पोरी.”

“आईला का नाही सांगितलंत?”

“कसं सांगू? नमाज झाल्यावर दुआ म्हणून, त्या पाण्यावर फुंकर घालून तिने ते माझ्यासाठी ओतलं होतं. पाय बरा झाल्यापासून राख टाकतोय. पुन्हा तिथे एकदाही काच धरली नाही. तुझ्या आईला हे कधी कळता कामा नये.”

त्याने मूठ उघडली. किल्ली गरम झाली होती.

आझिन गाडीकडे निघाली आणि थबकली. थर्मास आतच राहिला होता. ती राखेवरून सावकाश, एकेक पाऊल मोजत परत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मनव्वर तांब्याचा वाडगा हातात धरून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. म्हणून झाल्यावर तिने पाण्यावर फुंकर घातली. मग बरणीत हात घालून मूठभर मीठ काढलं आणि वाडग्यात सोडलं.

तिने मान वर केली. लेक दिसली तरी ती दचकली नाही. बोटाने पाणी ढवळून झाल्यावर तिने हात पुसला, पिठाच्या पेटीमागून एक पुडकं काढलं, आणि त्यातली निळी लोकरी टोपी आझिनच्या डोक्यात कानांपर्यंत ओढली. टोपीला कसर लागली होती.

“ही तर दरीत...”

“दारात होती. बर्फाला चिकटून बसली होती, ऊन पाणी ओतून सोडवली. तेव्हापासून मिठाशिवाय पाणी ओतलं नाही.” मनव्वरने तिच्या डोक्यावर रुमाल नीट बांधला, टोपीची कड आत खोचली. “घाट लागेपर्यंत रुमाल सोडू नकोस, बाबांना टोपी दिसायला नको. त्या बिचाऱ्यांना वाटतं, राखेने भागतं.”