विषयाच्या फार जवळ

“ती आत आली की मी तुझी कोणी नाही,” लेकीनं बजावलं. “नावानं हाक मारायची नाही. ताई म्हणायचं. मी तुला मावशी म्हणेन.”

आईनं हौदातून चादर उचलली आणि पिळली. इस्पितळाची चादर. रक्ताचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता.

“आणि चुकून ‘चिमे’ निघालं तोंडातून तर?”

“तर माझं पत्र गेलं.”

मुकादम धुलाईखान्याच्या दाराला टेकून सगळं ऐकत होता. “बरंय की. पोटाला चिमटा काढून शिकवायचं आणि मग तू कोण, मी कोण,” तो म्हणाला. “वीस मिनिटं देतोय. दुपारच्या आत दोनशे चादरी वॉर्डात गेल्या पाहिजेत. मग एकमेकींना ओळखा, नाहीतर नका ओळखू.”

पत्राची गोष्ट सरळ होती. परक्या देशात जाऊन संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती होती. अर्ज कोणीही करावा, कुठूनही करावा. लेकीनं केला. धुलाईखान्यातली वाफ आणि ब्लीचिंग पावडर बायकांच्या फुप्फुसांचं काय करते; इथं काय करते, तिथं काय करते, असा विषय. सहा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं : अर्जदार विषयाच्या फार जवळ आहे. त्याच साली तीच शिष्यवृत्ती तिथल्या एका मुलीला मिळाली. विषय हाच. ती विषयापासून सात हजार मैल लांब होती, म्हणून तिला विमानाचं तिकीट देऊन जवळ आणण्यात आलं.

आता त्या पाहुणीला दुभाषी हवी होती आणि लेकीला पुढच्या अर्जासाठी तिथल्या कोणाचं तरी शिफारसपत्र. तोंडी ठरलं. पाहुणीला वीस वर्षं हौदावर काढलेली बाई हवी होती. तशी धुलाईखान्यात एकच उरली होती. आणि नियम असा, की दुभाषी नात्यातली चालणार नाही.

पाहुणी आली. लेकीच्याच वयाची, घामानं डबडबलेली, हसरी. वाईट नव्हती बिचारी. तोच तर ताप. वाईट असती तर मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तिनं बादली उपडी घातली, तिच्यावर बसली आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवला. पहिला प्रश्न लेकीलाच होता. उत्तर देणाऱ्या व्यक्तीशी तुमचं नातं?

“काही नाही,” लेक म्हणाली आणि तिनं सही केली.

मग आईची पाळी.

“खोकला कधीपासून आहे, मावशी?”

“नव्हता तेव्हाचं मला आठवत नाही, ताई.”

“रात्री झोप लागते?”

“बसले की लागते. आडवं पडलं की नाही.”

लेक एकेक शब्द पाहुणीच्या भाषेत पोचवत होती. पदरचं काही घालायचं नाही आणि ऐकलेलं काही गाळायचं नाही, हाही नियमच होता.

“मुलं किती?”

आईनं ओले हात फडक्याला पुसले. “एक मुलगी.”

“काय करते?”

“परदेशी असते. संशोधन करते. तिकडच्यांनीच बोलावून घेतलं, पैसेही त्यांनीच दिले.” आई थेट पाहुणीकडे बघून बोलत होती. लेकीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. “हुशार आहे. तुमच्यापेक्षा जरा काळी, एवढंच.”

दारात मुकादम खोटं खोटं खोकला.

लेकीनं तेही सांगितलं. काळीसकट. पाहुणी खुलली. अभिमान वाटत असेल, म्हणाली. भेटते का, म्हणाली.

“काम असलं की भेटते,” आई म्हणाली. “बाहेर गेलेली पोरं ओळख विसरतात म्हणतात. माझी तशी नाही. लिहा तसं.”

लेकीनं सांगितलं. पाहुणीनं लिहिलं.

शेवटी पाहुणीनं पिशवीतून मुठीत मावेल असं यंत्र काढलं. पुढे पुठ्ठ्याची नळी, वर आकडे आणि एक काटा. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात नळीत फुंकायचा. तीनदा. आईनं फुंकलं. काटा जरासा सरकला आणि थांबला. दुसऱ्यांदा त्याच्याही अलीकडे थांबला. पाहुणीनं काटा पुन्हा शून्यावर आणला आणि लेकीला खूण केली.

“आणखी जोरात, मावशी,” लेक म्हणाली. “काही राखून ठेवू नका. आहे नाही तेवढा सगळा सोडा.”

आईनं फुंकलं आणि फुंकता फुंकताच तिला उबळ आली. नळी हातातून सुटली. ती हौदाच्या काठाला धरून वाकली. लेकीचा हात तिच्या पाठीकडे गेला. अर्ध्यावरून परत आला.

बऱ्याच वेळानं आई सरळ झाली.

“एवढाच आहे, ताई,” ती म्हणाली. “बाकीचा पोरीच्या शिक्षणाला गेला.”

पाहुणीनं पेन उचललं. काय म्हणाल्या त्या?

लेक हौदातल्या पाण्याकडे बघत होती.

“एवढाच आहे, म्हणतात.”

पाहुणीनं आकडा लिहिला.