जाड्या डाव्या कानात

"जिंकलीस," दादा म्हणाला, आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण या खेळात तिला जिंकता येणं शक्यच नव्हतं. नव्या डिस्कवर त्या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या दोन्ही आवृत्त्या होत्या, गेम पार्लरमधली आणि नंतर घरच्या टीव्हीसाठी निघालेली. दादानं हौसेनं पार्लरची लावली होती, लहानपणी दोघं शाळा बुडवून उभ्या मशीनवर खेळायची ती. त्या मशीनला एकच स्पीकर, मधोमध. मारलं कुठेही तरी आवाज मधूनच येणार. डोळे असलेल्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही. पण धाकटीची नजर गेल्या वर्षी पुरती गेली होती. पडद्यावर दादाचा जाड्या पैलवान आपल्या लुकडीच्या कुठल्या बाजूला उभा आहे, हे तिला कळायला मार्गच नव्हता. तिनं नुसत्या अंदाजानं लाथा झाडल्या, आणि त्यातली एकही वाया गेली नाही. म्हणजे जाड्याच बिचारा आपल्या पायांनी चालत येऊन मार खात होता.

"दादा, तू मुद्दाम हरलास."

"छे गं. माझा हातच बसलेला नाही अजून."

वर्षभर तो असाच गोड बोलत होता. लहानपणी तिच्या ताटातलं पळवणारा हा माणूस आता पाण्याचा पेलासुद्धा तिच्या हातात आणून द्यायचा. सोफे दुरुस्त करायचं दुकान दोघांचं होतं, पण तिच्या जागेवर त्यानं फोमची थप्पी रचली होती आणि वर 'तू आराम कर' म्हणत होता. स्प्रिंगा बांधताना दोरी किती ताणायची हे तिला डोळ्यांनी कधी सांगितलं होतं? बोटंच सांगायची. हे बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं.

"घरची लाव," ती म्हणाली.

"अगं, त्यात निम्मं चित्र कापलंय. मागचा धबधबा नाही, बघ्यांची गर्दी नाही. घरच्या यंत्रात मावलंच नाही ते."

"धबधबा घेऊन मी काय करू? लाव. आणि पैज. मी हरले तर तू म्हणशील तितके दिवस घरी बसेन, तोंडातून ब्र काढणार नाही. जिंकले तर सोमवारी दुकानात माझी जागा मोकळी हवी. पण परत दया दाखवलीस तर मला कळेल, दादा. मग मी या घराची पायरी चढायची नाही."

दादानं घरची आवृत्ती लावायला घेतली.

"होऊन जाऊ दे एकदा," स्वयंपाकघरातून भाजी चिरता चिरता वहिनी म्हणाली. दुपारी दादा दुकानात असताना त्यांच्या टीव्हीवर कोण येऊन खेळतं, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

घरच्या आवृत्तीत चित्र कापलं होतं खरं, पण आवाजाचे दोन भाग केले होते. डावीकडचं डाव्या स्पीकरमधून, उजवीकडचं उजव्या. धाकटी दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये मांडी ठोकून बसली.

पहिल्या डावात जाड्यानं डावा कोपरा धरला, खाली बसला आणि लुकडीच्या नडगीवर लाथा मारत सुटला. टक, टक, टक. दादाची ही जुनी खोड. यावरून पार्लरमधली पोरं त्याच्या अंगावर धावून जायची आणि धाकटी रडत घरी यायची. लुकडी आडवी झाली.

धाकटीला इतका आनंद झाला की तिनं ओठ दाबून धरले. वर्षभरात पहिल्यांदाच या माणसानं तिला मनापासून मारलं होतं.

दुसऱ्या डावात पुन्हा डावा कान, पुन्हा टक, टक. पण पाय मागे घेताना जाड्याची वहाण जमिनीला घासते. पार्लरच्या गोंगाटात हे कुणाच्या बापाला ऐकू आलं नव्हतं. वहाण घासली रे घासली की लुकडी उडी घ्यायची आणि लाथ थेट छातीवर. डाव धाकटीचा.

मग तिसऱ्या, निकालाच्या डावात दादा हट्टाला पेटला. उड्या मारून बाजू बदलायला लागला. डावा कान, उजवा कान, पुन्हा डावा. त्याची बटणं कडाकडा वाजत होती, मध्येच तो दात खात होता. शेवटी जाड्या उंच उडाला, त्याची आरोळी डावीकडून निघाली, आणि ती उजवीकडे पोचायच्या आत लुकडीची लाथ तिथे तयार होती.

दादानं कंट्रोलर गादीवर आपटला.

"रडीचा डाव आहे हा," तो ओरडला. "तू बघून खेळतेस."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली. आपण काय बोलून बसलो हे दादाच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"अगं, मला तसं नव्हतं..."

"परत म्हण," धाकटी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "बघून खेळते ना मी? परत म्हण, चिडक्या बिब्ब्या."

दादानं एक मोठा श्वास सोडला. मग तोही खुदकन हसला. गादीवरचा कंट्रोलर उचलून त्यानं बटणं दाबून पाहिली.

"बघूनच खेळलीस," तो म्हणाला. "सरक. आता त्या मधल्या जागेवर मी बसणार."

धाकटीनं मांडी आणखी घट्ट केली.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली.