चारशे माणसांत जिवंत

सन २०२३, पितरांची थडगी झाडण्याचा छिंगमिंगचा सण होऊन आठवा दिवस, सकाळचे सव्वानऊ. चीनमधल्या चनच्यांग शहराच्या दक्षिणेस, कालव्याच्या जुन्या धक्क्यावर असलेल्या दाय घराण्याच्या शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, कारखान्याचे दार वाजले. दार उघडले ते मालकाची बायको न्यू युएछिन हिने. हौदातला आंबवलेला तांदूळ उलथण्याचे काम अर्धे टाकून ती आली होती. कोपरापर्यंत तूस चिकटलेले होते.

दारात निवृत्त शिक्षक थान गुरुजी उभे होते. एकवीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. एका हातात दुखवट्याच्या पैशांचा पांढरा लिफाफा होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी आपल्याहून उंच असे कागदी फुलांचे पुष्पचक्र कसेबसे सावरून धरले होते. त्याच्या पांढऱ्या फितीवर, काळ्या शाईत, गुरुजींच्या घोटीव अक्षरात तिचेच नाव होते.

ती नाव वाचत राहिली. गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले.

"वहिनी, तुम्ही..."

"मी काय, गुरुजी?"

"तुम्ही गेलात," गुरुजी अपराध्यासारखे म्हणाले. "काल फोनवर पाहिलं. आमची सूनबाई तर जेवलीच नाही."

लिफाफा खिशात घालून त्यांनी फोन पुढे केला. चित्रफितीत तिचा नवरा गनपाओ थडग्यापुढे गुडघे टेकून मृतांसाठीचे कागदी पैसे जाळत होता आणि सांगत होता, "ती गेली आणि घराची चवच गेली." खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: पत्नीचे निधन. म्हाताऱ्याचा शिरका कुणी घेईना. आजोबांना हात द्या.

थडगे तिच्या सासूचे होते. त्या कागदांना काडी तिनेच लावली होती. चौकटीच्या कडेला तिचे कोपर अजून दिसत होते.

"लिहाव!"

तिच्या हाकेसरशी मुलगा आतून आला. त्याच्यामागून, सावकाश, गनपाओ.

"आई, आधी ऐकून घे," पुष्पचक्राकडे न पाहता लिहाव म्हणाला. "आपल्या गिऱ्हाइकांच्या वीचॅट गटात माणसं किती? चारशे. सगळी साठीच्या पुढची, आणि दर वर्षी दहा-बारा कमीच होतात. गुरुजी, राग मानू नका. डोउयिन या व्हिडिओच्या ॲपवर हा एक व्हिडिओ टाकला, तर अकरा लाख लोकांनी पाहिला. चार दिवसांत तीन हजार ऑर्डरी! बाबा आजीबद्दलच बोलत होते. मी फक्त मागचंपुढचं काढून टाकलं."

"त्यात मीही गेले."

"तुला कोण ओळखतंय तिकडं?"

युएछिन नवऱ्याकडे वळली. "म्हाताऱ्या, तू हे पाहिलं होतंस?"

गनपाओने आपल्या बुटांकडे पाहिले. "परवा."

"मग?"

"ऑर्डरी येत होत्या ना."

तोवर तिचा राग मुलावर होता, आणि मुलावरच्या रागाला आईपाशी नेहमीच एक पळवाट असते. आता ती उरली नाही. परवा तिने रांधलेल्या नूडल्स या माणसाने दोन वाडगे ओरपल्या होत्या. मेलेल्या बायकोच्या हातच्या. आणि वर मीठ कमी पडल्याचेही सांगितले होते.

"एवढं काय त्यात?" लिहाव म्हणाला. "गटात आत्ता लिहून टाकतो. गैरसमज झाला, आई ठणठणीत आहे. ओळखीचे ते चारशेच. त्यांना कळलं की झालं. तिकडे महिनाभर राहू दे."

"म्हणजे चारशे माणसांत मी जिवंत, आणि अकरा लाखांत मेलेली?"

"आई, जाहिरात असते ती!"

"जाहिरात शिरक्याची करतात. तू माझ्या मढ्याची केलीस."

गुरुजींनी पुष्पचक्र या हातातून त्या हातात घेतले. निघालेले पुष्पचक्र घरी परत न्यायचे नसते, आणि जित्या माणसाच्या उंबऱ्याशी ते टेकवायचेही नसते. आयुष्यभर दुसऱ्यांना रीत शिकवलेला तो माणूस रीतीच्या मधोमध अडकून उभा होता. "वहिनी," त्यांनी हळूच विचारले, "हे मी ठेवू कुठं?"

तिने तुसाने भरलेल्या हातांनी ते उचलले आणि गनपाओच्या छातीशी टेकवले.

"धर. बायको तुझी मेलीय."

गनपाओने ते धरले. नाही म्हणण्याचा अधिकार परवाच हातचा गेला होता, हे त्यालाही उमगले असावे.

"लिहाव, फोन काढ. लाइव्ह लाव."

"लावतो, लावतो," लिहावचा जीव भांड्यात पडला. "गटातच ना?"

"जिथं मेले तिथं."

"आई, तीन हजार ऑर्डरी आहेत! एकूण एक परत जातील. वर लोक शिव्या घालतील, त्या वेगळ्या. गटातल्या चारशे म्हाताऱ्यांवर हा कारखाना आणखी किती वर्षं चालेल, सांग ना! बाबा, तुम्ही तरी बोला."

बाबांचे तोंड कागदी फुलांमागे होते.

"लावतोस, की गुरुजींच्या फोनवरून लावू?"

त्याने लावले. पडद्यावरचा आकडा शंभर झाला, सहाशे झाला, दोन हजारांपुढे गेला. खालून प्रश्न धावू लागले: ही बाई कोण? आजोबांनी दुसरी केली की काय? लिहाव दातांतून कुजबुजला, "निदान हसून तरी बोल."

ती हसली नाही.

"मी न्यू युएछिन. मागे उभे आहेत त्यांची बायको. मेले नाही. शिरका मीच करते. रोज हातानं उलथते, तीन वर्षं मुरवते. शिरका खरा आहे," ती म्हणाली. "विकणारे खोटे आहेत."