खिडकीजवळची खुर्ची

सून सकाळी दुकानाचा परवाना काढायला गेली आणि जेवणाच्या वेळेआधी परतही आली. सासूबाई खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून रस्ता बघत होत्या. तिला फाटक उघडताना पाहून त्या मनातल्या मनात हसल्या.

"काय विसरलीस? फोटो की सही?"

"काही नाही, आई. मिळाला परवाना."

"मिळाला म्हणजे? अर्ज घेतला म्हणायचंय का तुला?"

"अर्ज घेतला आणि परवानाही दिला," असं म्हणून सुनेने कागद त्यांच्या हातात ठेवला आणि ती पाणी प्यायला आत गेली.

सासूबाई चष्मा शोधू लागल्या. सून स्वयंपाकघरात ओट्याशेजारी मशीन ठेवून शिवणकाम करायची. कपड्यांना तेलाचा वास लागतो म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची आणि एकदा आलेलं सहसा पुन्हा फिरकायचं नाही. तिला दुकानासाठी सासूबाईंची रस्त्याकडची ही खोली हवी होती. "परवाना आण, त्याच दिवशी खोली तुझी," असं सासूबाई चारचौघांसमोर मोठ्या मनाने म्हणून बसल्या होत्या. मन मोठं करायला त्यांचं काय जात होतं? सगळी नोकरी त्यांनी त्याच कचेरीत, परवान्यांच्याच टेबलावर काढली होती. तिथला कागद कसा हलतो हे त्यांना नाही तर कोणाला ठाऊक असणार! आपण आहोत तोवर काही हा परवाना येत नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

सून बाहेर आली तोवर त्यांनी चष्मा लावून कागद पालथा घातला होता.

"शेजाऱ्यांची ना-हरकत कुठाय?"

"आता लागत नाही. काढून टाकली."

"अग्निशमनचा दाखला?"

"एवढ्याशा दुकानाला नको म्हणाले."

"आणि गोल शिक्का? अगं, गोल शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी!"

"शिक्का कॉम्प्युटरच मारतो म्हणे."

"मग माणसं काय करतात तिथे?" सासूबाई कडाडल्या.

"मला बसायला खुर्ची दिली," सून म्हणाली.

हे मात्र सासूबाईंना फार लागलं. त्यांच्या टेबलासमोर कधी खुर्ची नसायची. खुर्ची दिली की माणूस बसतो आणि बसला की उठत नाही, असं त्या नव्या कारकुनांना बजावून सांगत. उभ्या माणसाला "उद्या या" म्हटलं की तो मुकाट्याने जातो. त्यांचं हे सगळं शास्त्र एका सकाळीत मोडीत निघालं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या घाबरल्या होत्या. आता त्यांना मागच्या खोलीत जावं लागणार होतं. तिथेही खिडकी होती, पण ती शेजारच्या घराच्या भिंतीवर उघडायची. तिथे गेलं की माणूस घरात असून नसल्यासारखा. कचेरी आपल्यावाचून इतकी झकास चाललीय हेच त्यांना पचत नव्हतं, त्यात आता घरही चालायला लागणार होतं.

"बघू गं उद्या," त्या म्हणाल्या. "हे कपाट आहे, माझं सामान आहे. एका दिवसात का होतं सगळं?"

सून चिडली नाही. ती त्यांच्या पायाशी फरशीवरच बसली. "आई, खरं सांगा हं. तुम्ही त्या टेबलावर असतात, तर मला परवाना कधी मिळाला असता?"

सासूबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. नोकरीत त्यांनी खोटं कधी सांगितलं नव्हतं, फक्त उशिरा सांगितलं होतं.

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "तोही तू घरची म्हणून."

आधी सून फिस्सकन हसली. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून पाहिले, पण त्यांनाही आवरेना. हसता हसता चष्मा नाकावरून घसरला.

"हस, हस मेले! ऊठ आता, कपाट त्या बाजूने धर. शब्द दिलाय ना, मग संपलं."

संध्याकाळपर्यंत खोलीचा नूर पालटला. मशीन खिडकीशी आलं, सासूबाईंचा पलंग आत गेला. खुर्ची तेवढी राहिली होती. ती शेवटी हलवू, असं सासूबाईंनीच सांगितलं होतं. सून आतून दोऱ्यांची पेटी आणायला गेली तेव्हा त्या खुर्चीत जाऊन बसल्या. शेवटचं एकदा रस्ता बघून घ्यावा म्हणून.

तेवढ्यात एक बाई खिडकीशी थांबली. खांद्याला ऑफिसची पर्स, हातात पोरीचा शाळेचा स्कर्ट. मशीन दिसलं म्हणून ती आत डोकावली.

"इथे शिवून मिळेल का हो? शिलाई उसवलीय सगळी. सकाळी शाळा आहे तिची."

सासूबाईंच्या तोंडात जन्माची सवय आली. "उद्या..." एवढं बाहेरही पडलं.

बाई लगेच वळली. हुज्जत नाही की विनवणी नाही. असे वळलेले लोक सासूबाईंनी नोकरीभर पाहिले होते, पण ते इतके दमलेले असतात हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांना एकदम कसंतरीच झालं.

"अहो, थांबा, थांबा!"

गुडघे कुरकुरले तरी त्या उठल्या. आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत त्यांनी दारापाशी आणली आणि हातानेच झटकली.

"अगं ये बाहेर, गिऱ्हाईक आलंय!" त्यांनी सुनेला हाक मारली. मग बाईच्या हातातला स्कर्ट स्वतःच्या हातात घेत त्या म्हणाल्या, "उभ्या का? बसा इथे. आत्ता होऊन जाईल."